बदक आधी सापडलं

नायकाच्या डाव्या अंगठ्याला पट्टी होती. पांढऱ्या कापडाची, दोन वेढ्यांची, गाठ नखाच्या बाजूला. पडद्यावर नायक आपल्या बदकाला छातीशी धरून नाचत होता आणि सगळा हॉल हसत होता, तेव्हा गायत्री ती गाठ बघत होती. एका हाताने स्वतःची स्वतः बांधता येईल अशी ती गाठ नव्हती. कुणीतरी बांधून दिली होती. पट्ट्यांविषयी त्या आठवड्यात तिला जरा अधिकाराने बोलता आलं असतं. उत्तरायणाला, म्हणजे संक्रांतीला, तिच्या भावाने, मुकुंदने, मांज्याने बोट कापून घेतलं होतं आणि रोज संध्याकाळी पट्टी बदलण्याचं काम तिच्याकडे होतं.

पुढचं रीळ लागलं. नायक खेळण्यांच्या दुकानात पत्र्याचा डबा उघडायला गेला, अंगठा कापून घेतला आणि त्याने भोकाड पसरलं. अंगठा डावाच. मग नायिका धावत आली, तिने पदर फाडला आणि पट्टी बांधली. दोन वेढे, गाठ नखाच्या बाजूला.

म्हणजे पट्टी आधी आणि जखम नंतर. प्रयोगशाळेत असं झालं असतं, तर गायत्रीने सगळं पुन्हा पहिल्यापासून तपासलं असतं. इथे तिने फक्त आजूबाजूला पाहिलं. शेजारी उषाबाई डोळ्यांना रुमाल लावून बसल्या होत्या, कारण पडद्यावर बदक हरवलं होतं. मागच्या रिळात ते सापडलं, तेव्हाही त्या रडल्या होत्या. सापडलेलं बदक आता हरवतंय कसं, हा प्रश्न त्यांच्या रुमालापर्यंत पोचला नव्हता.

सुरतेतल्या मराठी मंडळाचा हा दर महिन्याचा सिनेमा. व्हीसीआर घरोघरी आले होते, पण मंडळाकडे जुना सोळा मिलिमीटरचा प्रोजेक्टर होता आणि तो आहे म्हणून त्यावर सिनेमा बघणं हे संस्कृतीरक्षणात मोडत असे. प्रोजेक्टर एकच. म्हणून प्रत्येक रीळ संपलं की दिवे लागत, चहा फिरे, आणि लिंबायतचा वाल्मिक पुढचं रीळ चढवी. वाल्मिक एरवी कापडाच्या लूमवर कामाला असे. मशीन कळणारा मंडळाच्या ओळखीतला तो एकटाच. सिनेमा संपल्यावर मंडळाचा आणखी एक रिवाज होता. घरी जायची परवानगी लगेच मिळत नसे. खुर्च्या गोल मांडून प्रत्येकाने आपलं मत द्यायचं, मगच खमण ढोकळा. आधी खमण दिलं तेव्हा मतं कुणी दिली नव्हती, त्यावरून धडा घेऊन हा क्रम लावला होता.

आजचा सिनेमा विनोदी होता. नायक पस्तिशीचा, अर्ध्या चड्डीत हिंडणारा, खेळण्यांच्या दुकानात नोकरी करणारा; नोकरी म्हणजे खेळणी खेळणं. गळ्यात पट्टा बांधून बदक फिरवायचा आणि ट्रॅफिकच्या पोलिसाला टाळी द्यायचा. शेजारची मुलगी रोज त्याला डबा आणून देई, त्याचा दंड भरी, त्याला पावसातून घरी आणी. शेवटी तो गॅसच्या फुग्यांना लटकून बदकासह आकाशात गेला आणि ती गच्चीवरून हात हलवत राहिली. दुसऱ्या हातात डबा होता. लोकांनी टाळ्या वाजवल्या.

"चला, गोल करा," अध्यक्ष शकुंतलाबाई म्हणाल्या. त्या निवृत्त मुख्याध्यापिका होत्या. त्यांनी गोल म्हटलं की चौकोनी माणूसही गोल होई. "आज विशेष मनापासून बोलायचं हं सगळ्यांनी. विषयच तसा आहे."

विषय तसा का आहे, हे हॉलमध्ये सगळ्यांना ठाऊक होतं. ठाऊक नव्हतं ते फक्त मुकुंदला.

त्याचं असं झालं होतं. बमरोलीच्या एका प्रोसेसिंग मिलमध्ये गायत्री रंगांच्या प्रयोगशाळेत होती. व्यापाऱ्याने कापडाचा चिटोरा आणून "असाच मोरपंखी पाहिजे" म्हटलं की तसाच मोरपंखी रंग करून देणं हे तिचं काम, आणि ते ती इतकं चोख करी की वडोदऱ्याच्या एका रंग बनवणाऱ्या कंपनीने तिला प्रयोगशाळाप्रमुख म्हणून बोलावलं. राहायला क्वार्टर, हाताखाली माणसं, नवी यंत्रं. ही गोष्ट तिने दिवाळीआधी शकुंतलाबाईंना विश्वासात घेऊन सांगितली. शकुंतलाबाईंचा विश्वास फार मोठा होता. त्यात सगळं मंडळ मावलं.

मग एकेक जण सल्ला घेऊन येऊ लागला. वडोदरा गाडीने दोन-अडीच तासांवर, पण सगळे अशा आवाजात बोलत की गायत्री जणू बोटीत बसून चालली आहे. "मुकुंदचं काय होईल?" सगळ्यांचा एकच प्रश्न. आणि "त्याला एवढ्यात सांगू नका, धक्का बसेल," हा सगळ्यांचा एकच निर्णय.

मुकुंद चव्वेचाळीस वर्षांचा होता. गायत्रीपेक्षा सहा वर्षांनी मोठा. तरी तो तिला 'ताई' म्हणे. लहानपणी आईने गमतीत लावलेली ही सवय, गंमत संपली आणि सवय राहिली. एका खासगी शाळेत तो चित्रकला शिकवायचा, म्हणजे मुलांबरोबर बसून चित्रं काढायचा. तो गॅस पेटवत नसे, कारण त्याला 'भप्' आवाजाची भीती वाटे. किल्ली विसरला तर गायत्री येईपर्यंत जिन्यात बसून सोसायटीच्या पोरांना गोष्टी सांगे. एकदा नळ उघडा ठेवून पतंग उडवायला गेला आणि खालच्यांच्या गाद्या भिजल्या. तेव्हा गायत्री खाली जाऊन म्हणाली, "चूक माझी, मी बघायला हवं होतं." खालच्या बाईंनी तिला अर्धा तास सुनावलं, आणि संध्याकाळी मुकुंदला नानखटाई पाठवली. बिचारा घाबरला असेल म्हणून.

गायत्रीने त्याला सांगायचं रोज ठरवलं होतं. दिवाळीत कशाला सण बिघडवा, म्हणून दिवाळी जाऊ दिली. मग त्याला सर्दी झाली. मग शाळेत त्याचं चित्रांचं प्रदर्शन होतं. मग उत्तरायण आलं, आणि पतंग उडवणाऱ्या माणसाला असं काही सांगू नये, गच्चीचा कठडा ठेंगणा होता. कंपनीने दोनदा मुदत वाढवून दिली. आता सोमवारी होकार किंवा नकार, शेवटचं. आज रविवार होता.

"मी सुरुवात करते," शकुंतलाबाई म्हणाल्या. "मला या चित्रपटात सगळ्यात काय भावलं असेल, तर नायकाची वाढ. रिळागणिक तो कसा पायरीपायरीने उमलत जातो! शिक्षिका म्हणून सांगते, अशी क्रमवार वाढ दाखवणं सोपं नाही."

गायत्रीने मान खाली घातली. क्रमवार हा शब्द ऐकून तिला ठसकाच लागणार होता.

"बरोबर," भूपेंद्र म्हणाले. ते बँकेत अधिकारी होते आणि सिनेमावर बोलताना चष्मा काढत. "पण तंत्रही बघा. बदक सापडतं, आणि मग ते हरवल्याची आठवण! हा फ्लॅशबॅक आहे. सांगून-सवरून केलेला नाही, हीच तर खुबी. परदेशात असंच करतात. आपल्याकडे प्रेक्षक लागतो समजणारा."

"मला तंत्रबिंत्र कळत नाही बाई," उषाबाई म्हणाल्या. त्या गायत्रीच्या मजल्यावरच्या. "पण अशी भोळी माणसं जगात आहेत म्हणून पाऊस पडतो. आणि अशांना जपणारी माणसं आहेत ना, त्यांच्या पुण्याईवर तर ही पृथ्वी उभी आहे." शेवटचं वाक्य त्यांनी गायत्रीच्या गुडघ्यावर हात ठेवून म्हटलं.

"वा!" शकुंतलाबाई म्हणाल्या. "ती डबा आणणारी मुलगी. तिला सगळ्या सिनेमात वाक्यं किती? दहा-बारा. पण धरित्री आहे ती. धरित्री बोलत नाही."

"आणि बदलीही मागत नाही," भूपेंद्र हसून म्हणाले.

सगळे हसले, मग सगळे मुकुंदकडे बघून गप्प झाले. मुकुंद प्रोजेक्टरच्या टेबलापाशी उकिडवा बसून पट्टीचा सुटलेला दोरा दाताने ओढत होता. त्याचं लक्ष नव्हतं.

"बा, मी बोलू?" शकुंतलाबाईंची नात नेहा म्हणाली. ती कॉलेजात होती आणि तिची मराठी अर्ध्या वाटेवर गुजरातीत उतरायची. "मजा आवी गई. हीरो एकदम क्यूट छे. पण मला एक सांगा, तो उडून गेला, ते ठीक. पछी पेलीनुं शुं? तिच्या हातातल्या डब्याचं काय? तिने खाल्ला का?"

"नेहा, आजी म्हण, बा नाही," शकुंतलाबाई म्हणाल्या. "आणि असले प्रश्न विचारायचे नसतात. कलाकृतीत काही गोष्टी मोकळ्या सोडतात."

"भूक पण?" नेहा म्हणाली. तिला खमणाकडे बघायला पाठवण्यात आलं.

"मुकुंद, तू सांग रे," भूपेंद्र म्हणाले. आवाजात खडीसाखर होती. "तुला कसा वाटला?"

"बदक आवडलं," मुकुंद म्हणाला.

हॉल विरघळला. "बघा, एका शब्दात!" "अगदी मर्मावर बोट!" "आपण इतकं बोललो, पण..." भूपेंद्रांनी तर चष्मा परत घातला, कारण आता विश्लेषणात अर्थ राहिला नव्हता.

"आणि आता आमच्या शास्त्रज्ञ," शकुंतलाबाई म्हणाल्या. "गायत्री, तू नेहमी 'छान होता' म्हणून सुटतेस. आज नाही सोडणार. आज तू बोलायलाच हवंस." बाकीच्यांनीही खुर्च्या पुढे सरकवल्या. धरित्रीकडून काय ऐकायचं ते सगळ्यांनी ठरवूनच ठेवलं होतं.

गायत्रीने प्रोजेक्टरकडे पाहिलं. मग म्हणाली, "दुसरं आणि तिसरं रीळ उलटं लागलं होतं."

"म्हणजे?"

"म्हणजे तिसरं आधी लागलं आणि दुसरं नंतर. त्याच्या अंगठ्याला पट्टी होती, मग अंगठा कापला. बदक सापडलं, मग हरवलं."

मग भूपेंद्र म्हणाले, "ताई, तो फ्लॅशबॅक..."

"फ्लॅशबॅक नव्हता, भाऊ. शेवटच्या रिळात बदक त्याच्याजवळ आहे. ते परत कधी आलं?"

"अरे हां!" नेहा दुरूनच ओरडली. "बदक तो पहेलां ज मळी गयुं हतुं! आणि बा, तुम्ही म्हणालात क्रमवार!"

तिला पुन्हा खमणाकडे पाठवता आलं नाही, ती तिथेच उभी होती.

खरं तर यात लाजण्यासारखं काही नव्हतं. सिनेमाच असा होता की कुठलंही रीळ कुठेही लावलं तरी चालावं. ज्या माणसात काही बदलायचंच नाही, त्याची गोष्ट कुठल्याही क्रमाने सांगता येते. गायत्रीच्या मनात आलं, मुकुंदचं चोविसावं वर्ष आणि चव्वेचाळिसावं वर्ष आपसात बदलून लावलं, तरी या हॉलमध्ये कुणाच्या लक्षात येणार नाही. पट्टी बांधणाऱ्याच्या तेवढं लक्षात येईल.

पण वाढ पाहिलेल्या शकुंतलाबाईंना आणि परदेशी तंत्र ओळखलेल्या भूपेंद्रांना आता कुणीतरी हवं होतं. माणूस उघडा पडला की पांघरुणाआधी गुन्हेगार शोधतो.

"वाल्मिक!" भूपेंद्र ओरडले.

वाल्मिक पडदा गुंडाळत होता. तो आला.

"काय रे, आकडे वाचता येत नाहीत? एक, दोन, तीन, चार. एवढंसं काम! सगळ्या कार्यक्रमाचा विचका केलास."

"साहेब, मी बरोबर लावलं. डब्याच्या झाकणावर दोन होतं, ते दोन नंबरला लावलं."

"उलट बोलतोस? मग काय झाकणं आपोआप फिरली?"

"झोपला असेल," उषाबाई म्हणाल्या. "मी पाहिलं, डोळे मिटलेले होते."

मंडळातल्या लोकांशी वाल्मिक शाळेतली मराठी बोलायचा. आता त्याच्या तोंडून घरची अहिराणी निघाली. "मनी काय चूक शे यामा? झाकणवर आकडा व्हता, आकडा देखीसन लावं!"

"पुढच्या महिन्यापासून दुसरा माणूस बघू," शकुंतलाबाई शांतपणे म्हणाल्या. मुख्याध्यापिका असताना मुलांना शाळेतून काढतानाही त्यांचा आवाज असाच असणार. "एकदा गेलेला विश्वास परत येत नाही."

वाल्मिकने हातातल्या गुंडाळलेल्या पडद्याची दोरी सोडली आणि पुन्हा बांधली.

झाकणांचं काय झालं ते गायत्रीला माहीत होतं. सिनेमा सुरू व्हायच्या आधी ती खुर्च्या लावत होती, तेव्हा मुकुंदने रिळांच्या डब्यांची पत्र्याची झाकणं काढून मंडळातल्या पोरांच्या हातात दिली होती. झांजा म्हणून. हॉलभर दिंडीसारखी मिरवणूक निघाली होती, आणि मंडळी कौतुकाने वाट करून देत होती. मग त्याने झाकणं गोळा केली आणि हाताला लागली तशी डब्यांवर बसवली. तिने ते पाहिलं होतं. प्रयोगशाळेत दोन बाटल्यांची बुचं कुणी बदललेली दिसली, तर ती त्या माणसाला दाराबाहेर उभं करी. इथे तिने पुढची खुर्ची उघडली होती.

तिने मुकुंदकडे पाहिलं. तो उभा राहिला होता आणि तिच्याचकडे बघत होता. ही नजर तिच्या ओळखीची होती. गाद्या भिजल्या तेव्हाची, आणि त्याआधीच्या सगळ्या वेळची. त्या नजरेत भीती नसे. तिकीट खिडकीवर पुढच्या माणसाचं आटपेपर्यंत आपण उभे राहतो, तसा तो उभा असे. आता ताई बोलेल. आणि वाक्य तिच्या जिभेवर तयारही होतं: चूक माझी, मी डबे हलवले होते. तेवढं म्हटलं की वाल्मिकही सुटणार, मुकुंदही सुटणार, आणि सोमवारी वडोदऱ्याला नकार कळवून तीही सुटणार.

"दादा," ती म्हणाली.

ती कुणाला हाक मारते आहे ते कुणालाच कळलं नाही. भूपेंद्रांनी मागे वळून पाहिलं. मुकुंदनेही.

"दादा, तुलाच म्हणतेय. झाकणं कुणी बदलली?"

मुकुंद गोंधळला. मग हसला. "ताई, तू सांग ना."

"तू सांग."

"झांजा केल्या होत्या आम्ही," मुकुंद म्हणाला. "मग परत लावल्या. सगळ्या परत लावल्या, एकही हरवली नाही."

आणि काय चमत्कार, हॉलमधला राग जागच्या जागी वितळला. मघाशी वाल्मिकवर ओरडणारे भूपेंद्र खो-खो हसू लागले. "झांजा! अहो, म्हणजे आजचा दिग्दर्शक आपला मुकुंदच की!" उषाबाईंनी पुन्हा रुमाल काढला. "लेकरू आहे अगदी." शकुंतलाबाई म्हणाल्या, "आणि एका अर्थाने भूपेंद्र म्हणाले ते खरंच झालं. नव्याच क्रमाने बघितला आपण. मला तर वाटतं, जास्तच भिडला." वाल्मिक तिथेच उभा होता. तो आता कुणालाच दिसत नव्हता.

"दादा," गायत्री म्हणाली, "वाल्मिकला बोलणी बसली. त्याची माफी माग."

"अगं, राहू दे आता," शकुंतलाबाई म्हणाल्या. "चला, खमण गार होतंय."

"खमण गारच असतं, बाई. दादा, माफी माग."

मुकुंदने वाल्मिककडे पाहिलं, मग बोटाच्या पट्टीकडे, मग बहिणीकडे. आणि तो अगदी प्रेमाने, समजावल्यासारखं म्हणाला, "ताई, तूच माग ना. तुला छान जमतं."

"बघा!" उषाबाई म्हणाल्या. "किती निर्मळ! अशा माणसाला सोडून..." आणि त्यांनी जीभ चावली.

"सोडून?" मुकुंद म्हणाला. "कोण कुणाला सोडून?"

सगळ्यांनी एकदम प्लेटा उचलल्या. शकुंतलाबाईंनी गायत्रीकडे डोळे मोठे केले. नाही, असं ते डोळे सांगत होते. इथे नाही, आत्ता नाही, धक्का बसेल. गेले तीन महिने सगळं मंडळ ज्याच्यासाठी चवड्यांवर चालत होतं, तो मनुष्य हॉलच्या मधोमध उभा होता, दाढीत पांढरे केस, गळ्याशी बटण चुकीचं लागलेलं. ते बटण सकाळी तिच्या नजरेतून सुटलं होतं. तिने ते नीट करायला हात उचलला आणि अर्ध्यातूनच खाली घेतला.

"मी," ती म्हणाली. आवाज नेहमीचाच होता, प्रयोगशाळेत रंगाचं प्रमाण सांगावं तसा. "दादा, मला वडोदऱ्याला नोकरी मिळाली आहे. उद्या मी होकार कळवणार आहे. मी जाणार आहे, आणि एकटी जाणार आहे."